नऊ नंबर, दहा नंबर

परळीत स्टेशनकडून वैजनाथाच्या देवळाकडं निघालं की डाव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान लागतं. त्याला लागूनच राजेश्वरअप्पाचं मोबाइलचं दुकान. सतरा वर्षं आमची भिंत एक आहे. त्याच्याबद्दल सांगतोय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं. उरलेलं त्यानंच सांगितलं, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तुकड्या-तुकड्यानं.

अप्पा अंगानं किरकोळ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्मा कायम डोक्यावर चढवलेला. धंदा फोन विकायचा, पण गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्याची ख्याती. युसूफ वडगाव या गावचा एक जण एकदा खिशात रोकड घेऊन आला आणि नवा फोन दे म्हणाला. अप्पानं त्याचा जुना फोन हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला.

"ह्याला काय झालंय?"

"काय न्हाई. नवा आलाय म्हून."

"मग कावून घेता? नव्यात अन् ह्यात चेहऱ्यामोहऱ्याचा फरक हाय, कामाचा न्हाई. पुढच्या साली या."

तो माणूस फोन न घेता गेला, पण पुढं त्याच्या गावातली निम्मी माणसं अप्पाकडंच यायला लागली.

कंपनीवाले दर वर्षी तोच फोन थोडा घासूनपुसून आणतात आणि नावापुढचा आकडा एकानं वाढवतात. असा नवा नंबर आला की अप्पा आधी स्वतः एक घ्यायचा. जुना डाव्या खिशात, नवा उजव्या, असे आठ दिवस काढायचा. भर दुपारी रस्त्यावर उभं राहून कोणत्या फोनवरचं अक्षर वाचता येतं ते बघायचा. गाडी यायच्या वेळी प्लॅटफॉर्मवर जाऊन घंटी ऐकू येते का ते बघायचा. आमच्याकडं थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राख हवेत असते. आठ दिवसांनी तो भिंग घेऊन फोनच्या आवाजाच्या जाळीत किती राख बसली तेसुद्धा पाहायचा. मग फोटो. लांबचा म्हणजे थर्मलची धुराडी, जवळचा म्हणजे चहाचा ग्लास आणि माणसाचा म्हणून मी.

"माझाच कशाला रे?" मी एकदा विचारलं.

"बंकटराव, तुमच्या तोंडावर सगळं हाय. सुरकुत्या, पांढरी दाढी, देवीचे वण. कॅमेऱ्याची परीक्षाच होती."

हे सगळं तो एका लांबट वहीत लिहायचा. शेवटी दुकानाबाहेरच्या पाटीवर खडूनं एकच शब्द यायचा, 'घ्या' नाहीतर 'थांबा'. माणसं ती पाटी वाचायला वाट वाकडी करून यायची.

दोन दिवाळ्यांमागं एका कंपनीचा दहा नंबर आला. कंपनीचं नाव मी सांगत नाही, त्यात तिचा वेगळा दोष नाही, आता सगळ्यांचे फोन तसेच असतात. तिचा नऊ नंबर अप्पानं खंडीनं विकला होता. दहा त्याहून उजवा निघाला. बॅटरी दीड दिवस टिकली, आवाज खणखणीत, उन्हात अक्षर स्वच्छ. माझा फोटो काढून त्यानं दोन्ही फोन माझ्यापुढं धरले. नऊमध्ये मी होतो तसा होतो. दहामध्ये माझ्या गालावरचे वण गेले होते, रंग उजळला होता, डोळ्यांखालच्या पिशव्या बसल्या होत्या.

"दहा वर्षांनी लहान झालात बघा," अप्पा म्हणाला.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यानं वहीत लिहिलं, 'चेहरा – दहा चांगला.' आणि पाटीवर 'घ्या' आलं.

त्याच भाऊबीजेला त्यानं दहा नंबर बहिणीला ओवाळणीत घातला.

महादेवी त्याच्याहून दहा वर्षांनी धाकटी. वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला सायकल शिकवण्यापर्यंत सगळं अप्पानंच केलं. रंगानं ती सावळी, त्यावरून दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी तलवाड्याचे गुरुलिंग आले, पोहे खाल्ले आणि जाताना म्हणाले, पोरगी हुशार हाय, माझं दुकान सांभाळील. तिनं ते खरंच सांभाळलं. नवरा बाजारहाट बघायचा आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ती. सासू मात्र अठरा वर्षं काळी म्हणूनच हाक मारत आली.

ओवाळून झाल्यावर महादेवीनं नवा फोन तोंडासमोर धरला आणि मान इकडं-तिकडं वळवून पाहिली.

"दादा, ही मीच का?"

"तूच की."

"मग आजपस्तोर कुठं होते मी?"

सगळे हसले. तिनं घरभर फिरून फोटो काढले. तिचा जुना नऊ नंबर अप्पानं परत घेतला आणि आईला दिला. मोठा पडदा होता, म्हातारीला बरा.

त्याआधी अप्पा दर महिन्या-दीड महिन्याला तलवाड्याला जायचा. माजलगावला बस बदलून साडेतीन तासांचा रस्ता. त्या मार्गशीर्षात आई न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. पौषात महादेवी चार दिवस येऊन आईची सेवा करून गेली, तेव्हा ती ठणठणीत होती, मी स्वतः पाहिली. पुढं तिची सासू अंथरुणाला खिळली. इकडं आई खाटेवर, तिकडं सासू खाटेवर. भावाबहिणीचं येणं-जाणं थांबलं.

पण अडलं नाही. दुपारी एकला अप्पा जेवायला घरी जायचा, त्या वेळी तलवाड्याच्या दुकानातही गिऱ्हाईक नसायचं. रोज व्हिडिओ कॉल. आईच्या खाटेशेजारी डबा उलटा घालून त्याला फोन टेकवायचा आणि तिघांनी बोलायचं. भाजी काय केली, कोणाच्या पोरीचं जमलं, शिवकन्येला किती मार्क पडले. शिवकन्या म्हणजे महादेवीची मुलगी, तेव्हा दहावीला होती.

पहिली तक्रार आईनं केली. गिरजाबाई नाव तिचं. शाळा शिकलेली नाही, फोन घ्यायचा-ठेवायचा तेवढा कळायचा.

"राजू, ह्या फोनात महादू दिसत न्हाई."

"आता बोललीस की तिच्यासंगं."

"आवाज तिचा हाय. तोंड तिचं न्हाई. कुणी तरी दुसरीच बाई बसलीय."

अप्पाला आधी वाटलं, आईच्या हातातला जुना फोन खराब झाला. त्यानं पडदा पुसला, फोन बंद करून चालू केला. मग समजावून सांगितलं की खोट असलीच तर तुझ्याकडच्या नऊमध्ये असेल, तिच्याकडचा दहा आहे, त्याचा कॅमेरा दुपटीनं भारी आहे.

"जुना होता तवा मला तिच्या नाकावरचा घाम दिसायचा," आई म्हणाली.

"माय, तुज्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली. नंबर बदलला आसंल."

तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडंही घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं, नजर बरी आहे म्हणाले. ही गोष्ट त्यानं मला गंमत म्हणून सांगितली होती. म्हातारीला नवं काही पटत नाही, असं म्हणून आम्ही दोघं हसलो होतो.

चैत्रापासून महादेवीची कंबर धरायला लागली. दिवसभर गल्ल्यावर बसून तसं होत असेल असं तिला वाटलं. मेडिकलमधून ती दुखण्याच्या गोळ्या आणायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. जेवण जाईना. सकाळी उठली की हातातल्या बांगड्या घट्ट व्हायच्या. गुरुलिंग म्हणाले, अंग भरलंय, वय झालं की बायकांचं भरतं. त्यांना दोष देता येत नाही. रोज पाहणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही.

ज्येष्ठात एका दुपारी तिनं अप्पाला स्वतःहून विचारलं. आई तेव्हा झोपली होती.

"दादा, माजं तोंड सुजल्यासारखं दिसतंय का रं?"

अप्पानं फोन जवळ घेतला, चष्मा डोक्यावरून खाली ओढला आणि नीट पाहिलं.

"न्हाई गं. उलट लई भारी दिसतीस. गालफाडं बसलीत, बारीक झालीस."

"व्हय का? मला आपलं उगीच वाटत होतं."

"काय होतंय का तुला?"

"न्हाई, काय न्हाई."

हे त्यानं मला फार पुढं सांगितलं. सांगताना तो काउंटरची काच पुसत होता. सांगून झाल्यावरही पुसतच राहिला.

श्रावणात पंचमीला ती आली नाही. सासूचं निमित्त सांगितलं, राखी पोस्टानं पाठवली. खरं म्हणजे तिच्यानं बसचा प्रवास झाला नसता. ते तिनं सांगितलं नाही आणि इकडं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आईनं मात्र त्या दिवशी जेवणाचं ताट सरकवलं.

"राजू, तू जाऊन बघून ये तिला."

"माय, रोज दिसती की ती."

"जाऊन ये म्हणते मी."

"जातो. पोळा होऊ दे."

पोळा झाला. मग गणपतीचे दिवस आले, दुकानात गर्दी उसळली. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गुरुलिंगांचा फोन आला. मी तेव्हा अप्पाच्या दुकानात सुट्टे पैसे मागायला गेलो होतो.

"दादा, महादेवीला बीडला आणलंय. दम लागलाय तिला. तुमी या."

अप्पानं शटर ओढायचं काम माझ्यावर टाकलं आणि अंगावरच्या कपड्यानिशी बस धरली.

बीडच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तो शिरला आणि खाटा बघत निघाला. तिसऱ्या खाटेवर एक फुगलेल्या तोंडाची, पिवळट पडलेली बाई उशाला टेकून बसली होती. पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे नुसत्या फटीसारखे. तो तिच्यासमोरून पुढं गेला. सहाव्या खाटेपाशी पोचला तेव्हा मागून हाक आली.

"दादा."

"बंकटराव," तो मला नंतर म्हणाला, "मी तिच्या खाटेपुढून गेलतो. बघून गेलतो. आदल्या दिवशी दुपारी बोललो होतो मी तिच्यासंगं, अन् मला वळखू आली न्हाई."

तो परत फिरला, तिच्या पायाशी बसला. पायावर बोट टेकलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"महादे, हे कधीपासून?"

"झाले की चार-सहा महिने."

"मग तू सांगितलं कावून न्हाईस?"

तिला धाप लागत होती. थांबत थांबत बोलली.

"सांगायचं काय दादा. रोज दिसतच होते की मी तुला. तू काय बोलला न्हाईस. मला वाटलं, दादाला सगळं कळतंय, काय आसतं तर बोलला आसता." मग म्हणाली, "मला बी फोनात बरंच दिसायचं. आरशात कोण बघत बसतंय. केस विंचरायला बी मी फोनच घ्यायची. त्यात बघितलं की वाटायचं, हाय की मी चांगली."

डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं आकसली आहेत. बीपी वाढलेलं कुणी पाहिलेलं नाही, त्यात गोळ्यांची भर. "चार-पाच महिने आधी आणलं असतं तर," एवढं म्हणून ते कागद लिहायला लागले.

संध्याकाळी रोहिणीचा, म्हणजे अप्पाच्या बायकोचा, घरून फोन आला की आई ऐकत नाही, काहीतरी झालंय हे तिला कळलंय, तिला महादेवीला बघायचंच आहे. महादेवीचा दहा नंबर तलवाड्यालाच राहिला होता. अप्पाचा स्वतःचा फोन कुठल्या तरी जुन्या कंपनीचा, काच तडकलेला. सगळ्या गावाला फोन निवडून देणारा हा माणूस स्वतः सहा वर्षं तोच वापरत होता. त्यानं त्यावरून व्हिडिओ कॉल लावला आणि मनाचा हिय्या करून बहिणीसमोर धरला.

त्याला वाटलं होतं आई आता हंबरडा फोडेल. आई पडद्याला नाक लागेल इतकी जवळ आली आणि बघत राहिली.

"हां," ती म्हणाली. "ही माजी महादू."

"माय," महादेवी म्हणाली.

"केवढं सुजलंय गं तोंड तुजं. कधीची म्हणत होते मी ह्याला. खाल्लंस का काय?"

"खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"भात. बिनमिठाचा."

"मीठ देत न्हाईत का?"

"न्हाई देत."

"नको खाऊ मग. बरी झालीस म्हंजे खा."

म्हातारी तासभर तिच्याशी बोलत बसली. मध्ये मध्ये नुसतीच बघायची. बॅटरी संपेपर्यंत अप्पा फोन धरून उभा होता. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचा.

महादेवीला नंतर संभाजीनगरला हलवलं. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करायचे. पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरली, ती थोडं हसायला-बोलायला लागली, दुकानातल्या साखरेचा भाव विचारायला लागली. अप्पा तिथंच होता. त्यानं आपलं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली, तपासण्याही सुरू झाल्या. मग तिच्या छातीत पाणी झालं आणि ताप हटेना. पाचव्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला, अप्पा खाली चहा आणायला गेला होता तेवढ्यात ती गेली. अडतीस वर्षांची होती.

तलवाड्याला मातीला मी गेलो होतो. लिंगायतांत बसवून माती देतात. तिला बसवली, जंगमस्वामींनी विधी केले, कपाळाला विभूती लावली. आजारानं चेहरा ओढलेला होता, काळवंडला होता. सासू काठी टेकत आली आणि कधी नव्हे ते तिला नावानं हाक मारून रडली. अप्पा रडला नाही. तो खड्ड्याच्या काठावर बसून बहिणीच्या तोंडाकडं एकटक बघत होता. माती लोटायची वेळ झाली तरी हलेना, दोघांनी धरून बाजूला घेतला.

महिन्यानं त्यानं दुकान उघडलं. येताना गुरुलिंगांकडून महादेवीचा दहा नंबर मागून आणला होता. त्या दिवशी दुपारी मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. आईकडचा नऊ नंबर माझ्या हातात दिला आणि मला रस्त्यापलीकडं, हॉटेलच्या बाकावर जाऊन बसायला सांगितलं. स्वतः दहा नंबर घेऊन काउंटरमागं बसला. शटरच्या खाचेत राख साठलेली असते, ती बोटावर घेऊन त्यानं दोन्ही डोळ्यांखाली जाड चोळली. मग व्हिडिओ कॉल लावला.

"बंकटराव, काय दिसतंय?"

मी पाहिलं. "तू दिसतोस."

"डोळ्यांखाली?"

"थोडं काळपट. सावली पडल्यासारखं."

"राख दिसती का?"

"राख नाही दिसत."

त्यानं फोनमध्ये काहीतरी दाबलं. अजून एकदा दाबलं. माझ्या हातातल्या पडद्यावर त्याचा चेहरा एकदम बदलला. गालाची हाडं वर आली, दाढीचे पांढरे खुंट उगवले, डोळ्यांखाली राखेचे दोन राखाडी पट्टे उमटले आणि ते पट्टे खालच्या बाजूनं ओले होते.

"आता दिसती," मी म्हणालो.

"दोन ठिकाणी बोट लावायचं होतं," तो म्हणाला. "फोनात आधीपासूनच चालू आसतं ते. चेहरा सुंदर करायचं. मला माहीत होतं. मी ते चांगल्यात धरलं होतं."

मी रस्ता ओलांडून आलो तेव्हा तो वही काढून बसला होता. 'चेहरा – दहा चांगला' ही ओळ त्यानं खोडली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं, 'आजारी माणूस दिसत नाही.' वही मिटली आणि तोंड धुवायला मागं गेला.

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. म्हणालो, फोननं केलं, तुझा काय दोष. तो शांतपणे म्हणाला, "फोनचं काम दाखवायचं. बघायचं काम माजं होतं. साडेतीन तासांवर बहीण, अन् मी काचेत बघून जेवायला बसायचो. काच खोटी होती म्हून नंतर कळलं. खरी आसती तरी मी गेलो नसतोच. उलट काच खरी हाय म्हून आणखीच बसून ऱ्हायलो आसतो."

मी नऊ नंबर काउंटरवर ठेवला आणि माझ्या दुकानात आलो.

त्यानंतर त्याच्या दुकानातून जाणारा प्रत्येक फोन तो आधी स्वतः उघडतो, ती सोय बंद करतो आणि मग गिऱ्हाईकाच्या हातात देतो. गिऱ्हाईक फोन तोंडासमोर धरतं आणि तोंड वाकडं करतं. मागच्या महिन्यात सिरसाळ्याची एक बाई आली होती. मुलगा पुण्याला कंपनीत, त्याच्याशी बोलायला फोन हवा होता.

"ह्यात मी काळी दिसतीय," ती म्हणाली.

"तुमी हाय तशा दिसताय, मावशी. पोराला तुमीच दिसायला पायजेत का न्हाई?"

"पोराला कशाला काळजी लावायची? त्या पलीकडच्या दुकानात चांगलं दिसतंय."

ती पलीकडच्या दुकानात गेली. पुष्कळ जण जातात. घरी नेऊन लोक ती सोय परत चालू करतात हेही त्याला ठाऊक आहे. पाटीवर 'घ्या' आणि 'थांबा' लिहिणं त्यानं सोडून दिलं. कुणी विचारलंच तर दोन्ही फोन पुढं ठेवतो आणि म्हणतो, तुमचं तुमी बघा. लोक म्हणतात, अप्पा बदलला. धंदा निम्म्यावर आला असेल, पण त्याबद्दल तो कधी बोलत नाही.

सोमवारी मात्र तो दुकान उघडत नाही. पहाटेची बस धरून माजलगाव, तिथून तलवाडा. शिवकन्या आता अकरावीला आहे. आजी आणि वडील यांचं करून कॉलेजात जाते, संध्याकाळी गल्ल्यावर बसते. परळीला शिकायला ये म्हणून त्यानं फार आग्रह केला, पण ती वडिलांना सोडून यायला तयार नाही. व्हिडिओ कॉल ती करत नाही, तोही लावत नाही. तो जातो, तिच्यासमोर बसून एक वेळचं जेवतो, बोलण्यासारखं काही नसलं तरी दोन-तीन तास दुकानातल्या पोत्यावर बसून राहतो आणि उन्हं कलली की परतीची बस धरतो.

मागच्या सोमवारी तो परत आला तेव्हा मी आईला बघायला म्हणून त्याच्या घरी बसलो होतो. गिरजाबाई आता काठीनं चार पावलं चालतात. तो पायरीवर चपला काढत होता तोवरच त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"कशी हाय?"

"बरी हाय."

"बरी म्हंजे कशी? तोंडावर काय?"

"एक पुटकुळी हाय हनुवटीवर. उन्हानं रापलीय जरा."

"वाळली का?"

"थोडी. मनगटावरचं घड्याळ ढिलं झालंय."

"केसांना तेल हाय का?"

"होतं. पण वेणी तिची तीच घालती, भांग वाकडा पडतो."

"जेवली का तुज्यासमोर?"

"दीड भाकरी."

"पाय?"

"बघितले. सूज न्हाई. मी बोट दाबून बघितलं."

म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली. आम्हाला वाटलं, विचारून झालं असेल. अप्पा पाणी प्यायला आत वळला तेव्हा त्या म्हणाल्या, "जीभ बघितलीस का तिची? लहानपणी रक्त कमी होतं तिला, पांढरी पडायची."

अप्पा दारात थांबला.

"न्हाई बघितली, माय."

"मग येत्या सोमवारी बघून ये."

"बघतो," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.